तो आणि ते

रूपी,

तुझ्यावर काही लिही म्हणून चारचौघींनी माझा पिच्छा पुरवला आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "तुला दुसरा धंदा नाही का गं?" अख्ख्या नवापुरात मला 'तू' म्हणणारी तू एकटी. बाकीच्यांची मी शाळा तपासणारी बाईसाहेब. कॉलेजात जाऊन आले याचा तुझ्यावर काडीचा परिणाम नव्हता, आणि तेच मला आवडायचं. पण तुझी गोष्ट तुलाच काय ऐकवायची? ज्यांनी तुला पाहिलं नाही, ज्यांच्या पोरी आज पेटी-वळकटी घेऊन वसतिगृहात राहायला जातात, त्यांना ती सांगायची आहे. तेव्हा आता जरा गप्प बस. मी तुला 'ती' म्हणणार आहे. राग मानू नकोस.

नवापूरच्या पुढे, जिथे तेव्हा गायकवाडी हद्द सुरू व्हायची, तिथल्या डोंगरातल्या एका पाड्यावर नारसिंग मावची नावाचा शेतकरी होता. थोडं भात, थोडी नागली, तूर, आणि हंगाम सरला की जंगलात लाकूडतोडीची मजुरी. रूपी त्याची थोरली. पाड्यावर मराठी शाळा होती, तिथल्या मास्तरांनी पोरीचं डोकं पाहिलं आणि तिला ढकलत ढकलत सातवीच्या फायनल परीक्षेपर्यंत नेलं. ती पास झाली तेव्हा तिची आई मंगळीबाई म्हणाली, आता पुरे, लग्न करू. त्याच वर्षी, म्हणजे एकोणीसशे अडतीस साली, नंदुरबारच्या एका मंडळाने शिक्षिका होऊ पाहणाऱ्या बायकांच्या ट्रेनिंग वर्गात डोंगराकडच्या मुलीसाठी एक जागा ठेवली. एकच. नारसिंगने मुलीला टिनाची पेटी घेऊन दिली, रेल्वेने नंदुरबारला आणलं आणि फाटकाशी सोडताना एवढंच बजावलं, की तू पळून आलीस तर हे लोक पुन्हा आपली पोरगी घेणार नाहीत. मागे लहान बहिणी आहेत, पाड्यावरच्या दुसऱ्या पोरी आहेत. काही झालं तरी वर्ष काढ.

बापाने चांगल्या मनाने सांगितलं. पण फाटकाला बाहेरून कडी घालायची ती त्यानेच घातली.

आवार मोठं नव्हतं. पुढे वर्ग, मागे बोर्डिंग, मध्ये विहीर, कडेला कोठी म्हणजे धान्याची खोली, आणि सगळ्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण. बाजारच्या दिवशी मुलींना गावात जायला मिळे, पण न्यायला घरचं माणूस यावं लागे. बाकीच्या मुली तापीकाठच्या गावांतल्या. गुजर, पाटील, कुणी वाणी. कुणाचा मामा नंदुरबारात, कुणाची आत्या. रूपीचं गावात काळं कुत्रं नव्हतं. म्हणून ती आत गेली ती आतच राहिली.

तिची खाट ओसरीच्या टोकाला. तिचा पेला वेगळा, जेवायची जागा पंगतीच्या शेवटी आणि मध्ये एका पाटाची फट. याचा नियम कुठे लिहिलेला नव्हता. असल्या गोष्टी कुणी लिहून ठेवत नाही, नुसती पाटाची फट ठेवतात. कुणी विचारलं असतं तर मंडळींनी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, की आमच्याकडे भेदभाव नाही, आम्ही तर डोंगरातली मुलगी घेतली.

पहिल्याच आठवड्यात एक प्रकार झाला. रूपीच्या घरी कुणी कुणाला 'तुम्ही' म्हणत नसे. बापाला तू, आजोबाला तू, जंगलखात्याच्या साहेबालाही तू, आणि त्यात अपमान कुणाला वाटत नसे, कारण दुसरा शब्दच नव्हता. शाळेतली मराठी तिला येत होती, पण ती पुस्तकातली, बोलायची नव्हे. पितांबर मास्तर वर्गात आला. तो बोर्डिंगचा व्यवस्थापक, पाठ कसा द्यावा हे शिकवणारा, आणि कोठीची किल्ली त्याच्याच कमरेला. त्याला बसायला खुर्ची नव्हती. रूपीने आपल्या शेजारचं स्टूल उचलून पुढे ठेवलं आणि म्हणाली, "मास्तर, तू बस ना."

वर्ग हसून लोटपोट झाला. पितांबर मास्तर हसला नाही. त्याने तिला दारात उभं केलं आणि 'आपण बसावे' असं घोकायला लावलं, येणारं-जाणारं प्रत्येक माणूस ऐकेल इतक्या मोठ्याने. मुलींनी तिचं नाव तूबाई ठेवलं. विहिरीवर तूबाई, पंगतीत तूबाई. "तूबाई, तुझी भाकरी तुला म्हणते, तू खा ना." असं वर्षभर चाललं. थट्टाच ती, असं त्या म्हणत. थट्टा करणाऱ्याला ती संध्याकाळी आठवत नाही आणि ऐकणाऱ्याला तीच अंथरुणात घेऊन झोपावं लागतं, एवढाच फरक.

रूपी हट्टी. तिने तो धडा असा गिरवला की पुढे ती सगळ्यांनाच मान देऊ लागली. मुलींना तुम्ही, धुणंवालीला तुम्ही, विहिरीवर पाणी ओढणाऱ्या कोळ्याला तुम्ही. फाटकावर फुलसिंग नावाचे जागले, म्हणजे राखणदार, होते, सातपुड्यातले भिल्ल, केस पिकलेले, हातात वेळूची काठी. सगळं आवार त्यांना 'ए फुलसिंग' म्हणे. रूपी म्हणायची फुलसिंगबाबा, आणि त्यांच्यामागेही 'ते आले', 'ते गेले'. ऐकणाऱ्या मुली तोंडात पदर कोंबत. जागल्याला 'ते'. फुलसिंगबाबांची बोली वेगळी आणि तिची वेगळी, पण दोन्ही डोंगरातल्या, निम्मं तरी कळे. येता-जाता ते विचारायचे, जेवलीस का. त्या आवारात हा प्रश्न तिला दुसरं कुणी विचारत नव्हतं, स्वयंपाकीण भिकुबाई सोडून.

आता कोठीचं सांगते.

शिधा आठवड्याने मिळे. मुली आळीपाळीने कोठीवर जाऊन आपापली ज्वारी, डाळ, तेल घेऊन येत, आणि मापून द्यायला पितांबर मास्तर जातीने हजर. त्याला मापायची घाई नसे. आधी परडी धरायच्या निमित्ताने हात, मग डाळ सांडली म्हणून पदर, मग आणखी काही. मुलींना हे ठाऊक होतं. रमिला नावाची एक गुजराची मुलगी होती, चलाख, सगळ्यांची पुढारीण. तिने गाजावाजा न करता एक रीत पाडली, की कोठीवर कुणी एकटीने जायचं नाही. जोडीने जायचं. एकीने परडी धरायची, दुसरीने उंबऱ्यावर उभं राहायचं. पाळी लागायची ती जोडीची. कुणी कुणाला कारण सांगितलं नाही, आणि मास्तरालाही काही बोलता येईना. रमिलाची अक्कल मी नाकारत नाही. तक्रार न करता, आवाज न करता, पोरींनी आपल्यापुरतं कुंपण घातलं.

त्या कुंपणाला एक खिंडार होतं. रूपीला जोडी नव्हती. तिच्या परडीला परडी लावायची कुणाची तयारी नव्हती. मुली सम होत्या, ती आल्याने विषम झाल्या, असं रमिला हसून म्हणाली. रूपीची पाळी आली की रूपी एकटी जायची. आणि कोठीचं मापही मग तिच्या पाळीची वाट पाहू लागलं.

रूपीने काय काय केलं ते ऐका. ती धावत जायची, धावत यायची. परडी हातात न धरता जमिनीवर ठेवायची. एकदा पोट दुखतं म्हणून गेलीच नाही, तर मास्तराने तिचा शिधाच अडवला आणि दोन वेळा तिला भिकुबाईच्या वाट्यातली भाकरी खावी लागली. भिकुबाई विधवा, त्या कामावर जगणारी. तिला सगळं दिसत होतं. घरी कळवावं, तर बाप म्हणाला होता वर्ष काढ. पळावं, तर मागच्या पोरींचं दार बंद. सांगावं, तर कुणाला? बोर्डिंगची तक्रार बोर्डिंगच्या व्यवस्थापकाकडे करायची असा नियम होता. हा मात्र लिहिलेला होता, ओसरीत लावलेला.

माघात एके दिवशी दुपारी, वर्ग चालू असताना, मास्तराने तिला शिध्यासाठी बोलावणं धाडलं. ती आत गेली आणि त्याने दार ओढून आतून कडी घातली. ती ओरडली. फुलसिंगबाबा फाटकावरून धावले, खांद्याने दार ढकललं, आतली कडी तुटली. रूपी बाहेर पडली ती थेट चुलीपाशी भिकुबाईच्या मागे जाऊन बसली. कडी तुटल्याचा आवाज वर्गापर्यंत गेला होता, म्हणून प्रकरण झाकता आलं नाही. नाहीतर तेही झाकलं असतं.

मंडळाने चौकशी नेमली. अध्यक्ष दाजीसाहेब, नंदुरबारचे प्रतिष्ठित गृहस्थ, आणि बाईमाणूस असावं म्हणून डॉक्टरांच्या पत्नी रुक्मिणीबाई. रूपीला बोलावण्याआधी पितांबर मास्तर आत बराच वेळ बसून आला होता. त्याने काय सांगितलं ते रूपीला ठाऊक नव्हतं. तिच्यानंतर फुलसिंगबाबांना विचारणार होते.

दाजीसाहेबांनी तिला प्रथम बजावलं की या खोलीत कुणाचं नाव घ्यायचं नाही. संस्थेची अब्रू आहे, तुझीही आहे. झालं तेवढं सांग.

रूपीने ठरवलं होतं की घाबरायचं नाही. आणखी एक ठरवलं होतं. ज्या माणसाने तिला दारात उभं करून मान द्यायला शिकवलं, त्याला ती या जन्मी मान देणार नव्हती. कोळ्याला देईल, धुणंवालीला देईल, त्याला नाही.

ती म्हणाली, "मी परडी घेऊन गेले. तो आत होता. त्याने दार ओढलं. माझा हात धरला. मी ओरडले. मग ते आले. त्यांनी दार ढकललं. ते आले म्हणून मी सुटले."

दाजीसाहेबांचा चेहरा सैल झाला. त्यांनी विचारलं, आधी कधी त्याने त्रास दिला होता का? रूपी म्हणाली, पुष्कळदा. आणि त्यांची वागणूक? रूपीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "ते बापासारखे. ते नसते तर मी मेले असते."

रुक्मिणीबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. रूपीला वाटलं, ऐकलं यांनी. तेवढा एक तास तिला त्या आवारात श्वास घेता आला.

फुलसिंगबाबांना एवढंच विचारलं, की तू कोठीत शिरलास का. ते म्हणाले, "हो. दार मीच तोडलं. तू जाऊन बघ, कडी पडली असेल." दाजीसाहेबांना 'तू' म्हणून ते उभे राहिले, काठी टेकून. पुढे विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ओसरीत जमवून निकाल सांगितला. जागल्याने कोठीत शिरून मुलीवर हात टाकला. व्यवस्थापकांनी प्रसंगावधान राखून तिला सोडवलं. मुलीने स्वतः तसं सांगितलं आहे आणि व्यवस्थापकांना ती वडिलांच्या जागी मानते. जागल्याला काढून टाकण्यात येत आहे. मुलीच्या नावासाठी पोलिसांत जाऊ नये.

रूपीला पहिल्यांदा कळेचना. मग तिला तिचेच शब्द ऐकू आले, एकेक. तो म्हणजे नोकर. ते म्हणजे मास्तर. दुसरं असूच कसं शकेल? ज्यांनी जन्मभर ज्याला जे म्हणायचं तेच म्हटलं, त्यांच्या कानांना ती काय बोलली ते ऐकूच आलं नव्हतं. की आलं होतं? मला विचाराल तर, दाजीसाहेबांचे कान चांगले होते. त्यांना सोयीचं तेवढं त्यांनी आत घेतलं.

ती उभी राहिली. म्हणाली, "तो म्हणजे मास्तर. दार मास्तरनं ओढलं."

दाजीसाहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, "मास्तरांना तू 'तो' म्हणतेस?"

एवढंच त्यांना त्यात खटकलं.

रुक्मिणीबाई हळूच म्हणाल्या, मग काल नाव का नाही घेतलंस? रूपी म्हणाली, तुम्हीच म्हणालात घेऊ नको. दाजीसाहेब म्हणाले, काल एक, आज एक, अशाने कसं चालेल. तेव्हा रूपी रमिलाकडे वळली. रमिलाला सगळं माहीत होतं, जोड्या तिनेच लावल्या होत्या. रमिला खाली बघून म्हणाली, "आम्ही कोठीवर कधी एकट्या गेलोच नाही. आम्हाला काय माहीत?"

अक्षर अन् अक्षर खरं होतं. पितांबर मास्तर खांबाला टेकून उभा होता. त्याने मुलीला क्षमा करावी अशी मंडळाला विनंती केली. ती डोंगरातली आहे, तिला अजून बोलायचं वळण नाही, असं म्हणाला.

फुलसिंगबाबांनी फाटकावर काठी ठेवली, कारण ती संस्थेची होती. घोंगडी खांद्यावर टाकली. रूपी ओसरीच्या टोकाला उभी. हाक मारावी, काय झालं ते ओरडून सांगावं, असं तिच्या जिभेवर आलं होतं. पण मुलींची कुजबुज तिच्या कानावर आली होती, की दोघं डोंगरातलीच, आतून एक असतील. आता तिने हाक मारली असती तर ती हाकही त्यांच्याविरुद्धच गेली असती. फुलसिंगबाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. निकालाच्या वेळी ते ओसरीत नव्हते, फाटकावरच त्यांना एवढंच सांगितलं होतं की पोरीने तुझं नाव सांगितलं. ते गेले.

त्यानंतर वर्षाचे काही महिने उरले होते आणि ते तिला त्याच आवारात, त्याच किल्लीखाली काढायचे होते. पुढची पाळी आली तेव्हा ती परडी घेऊन ओसरीत उभी राहिली. पाऊल उचलेना. भिकुबाईने चुलीवरची भाजी उतरवली, हातातली पळी तशीच ठेवली आणि म्हणाली, "चाल वं माय. मी येस तुन्हा संगे." मास्तराने विचारलं, तुझं इथे काय काम. भिकुबाई म्हणाली, "मन्हं काय काम शे? मी उभी ऱ्हासू." आणि पळी घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली. त्यानंतर दर पाळीला. जातीपातीचं भिकुबाई मानत नव्हती असं नाही. रूपीचा पेला ती वेगळाच ठेवायची. पण उंबऱ्यावर उभी राहायची.

परीक्षेत रूपी सगळ्या विषयांत पास झाली आणि वर्तणुकीत नापास. वर्तणुकीचे गुण व्यवस्थापक देई. प्रमाणपत्र मिळालं नाही. ती टिनाची पेटी घेऊन परत आली आणि बाप म्हणाला त्याप्रमाणेच झालं, डोंगराकडची ती जागा मंडळाने पुढच्या वर्षी रद्द केली. तिने वर्ष काढलं तरी.

प्रमाणपत्र नसलेली बाई म्हणून तिला पाड्यावरच्या शाळेत मदतनीस घेतलं आणि ती मदतनीसच राहिली. पण शाळा तिची होती, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या शाळेत दोन गोष्टी सक्तीच्या. एक, मास्तर असो की शिपाई, कुणाकडेही कुठलीही मुलगी एकटी जाणार नाही, आणि जोड्या रूपीबाई लावणार. मुलींनी मैत्रिणी निवडायच्या नाहीत. विषम झाल्या तर तिघी जातील. कुणी नाक मुरडलं तर ती त्याच मुरडणारीला त्या मुलीबरोबर महिनाभर बांधायची. दुसरी गोष्ट, तक्रार करताना नाव घ्यायचं. कुणी येऊन 'त्याने मारलं' म्हटलं की ती ऐकायचीच नाही. "तो कोण? नाव सांग. मोठ्याने." पाहुणे आलेले असले तरी. एकदा एका पोरीने खुद्द हेडमास्तरांचं नाव घेतलं. हेडमास्तर समोरच उभे होते. पाड्यावर परतल्यावर तिचं 'तू' परत आलं होतं, तेव्हा रूपीबाईने त्यांना विचारलं, "तू मारलंस का?" ते म्हणाले, हो. माफी मागून गेले. मला हे त्यांनीच हसत सांगितलं, म्हणजे माणूस बरा असणार.

पण संध्याकाळी शाळा सुटली की ती सातपुड्यातल्या काठी गावाकडच्या, फुलसिंगबाबांच्या डोंगरांच्या दिशेला पाहत बसायची. ते डोंगर तिथून दिसत नाहीत, मध्ये अख्खी तापी आहे. तिने लग्न केलं नाही. नवापूर सोडून कुठे गेली नाही. आवाराबाहेर आल्याला दहा वर्षं व्हायला आली, तरी ती त्या ओसरीच्या टोकालाच उभी होती. म्हणायची, त्यांना वाटतं मी त्यांचं नाव सांगितलं. बाकी कुणाला काय वाटतं त्याचं मला काही नाही.

मग सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा विकून आलेल्या एका माणसाकडून तिला कळलं, की फुलसिंग नावाचा म्हातारा अजून आहे. काठीच्या बाजूला एका पाड्यावर लेकाकडे राहतो, आणि काठीच्या होळीला दरवर्षी येतो.

रूपी, त्याच आठवड्यात तू माझ्याकडे आलीस. म्हणालीस, तू चल. मी एकटी गेले तर म्हणतील आता आली शहाणी. तू त्या ओसरीवरच्या लोकांसारखी दिसतेस, तू बरोबर असलीस तर त्यांच्या गावाला खरं वाटेल. मी म्हटलं, मला काय बोलायचं? तू म्हणालीस, काही नको, नुसती उभी राहा.

त्या होळीला माझ्याकडे शाळांची तपासणी आली. पुढच्या वर्षी नक्की ठरलं. मी चौकशी केली, मोटार अक्कलकुव्यापर्यंत जाते, पुढे पायी जावं लागतं, बरोबर वाटाड्या लागतो. तोही ठरवला. तू नवं लुगडं घेतलंस. माघ संपता संपता तुला ताप भरला आणि होळीच्या आधी तू गेलीस. वाटाड्या ठरल्या दिवशी दाराशी आला होता. मी त्याला परत पाठवलं.